चौथ्या खुर्चीचे मत

४ जानेवारी

चिरंजीव भाचीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

ज्याच्या कृपेवाचून श्वास आत येत नाही आणि ज्याच्या दयेवाचून आत आलेला श्वास सुखाने बाहेर पडत नाही, त्या करुणाकराला आधी वंदन करतो. रोग्याच्या उशाशी तो अगोदरच येऊन बसलेला असतो; वैद्य मागाहून येतो. त्याचे स्मरण करून तू विचारलेल्या विषयाकडे वळतो.

संस्थेला राष्ट्रीय दर्जा मिळाला, नवा कायदा झाला, आणि एप्रिल संपण्यापूर्वी संपूर्ण नियमावली राष्ट्रीय परिषदेपुढे ठेवायची आहे, हे वाचून डोळे भरून आले. या संस्थेचा पहिला कुलसचिव मी होतो आणि आजची कुलसचिव तू आहेस. घरात भाची आणि कचेरीत उत्तराधिकारी, असे दुहेरी भाग्य किती मामांना लाभते?

प्रारंभी कारभार कसा चाले, ते सविस्तर लिहा, असे तू म्हणतेस. कारभार म्हणावा असे काही नव्हतेच. चौतीस वर्षांपूर्वी एका बंद पडलेल्या टपालकचेरीच्या सात खोल्या आम्हांला मिळाल्या. पत्रे वेगळी करण्याच्या लाकडी कप्प्यांत आम्ही नमुन्यांच्या बाटल्या ठेवल्या. तिकिटे विकण्याच्या खिडकीतून औषधे देऊ लागलो. पार्सले तोलण्याच्या काट्यावर नवजात बालके तोलली. काटा इतका अचूक होता की पुढे खरा काटा आला तरी प्रसूतितज्ज्ञ बाई तो सोडीनात. विद्यार्थी अकरा, शिकवणारे डॉक्टर तीन. त्यांतल्या वडीलधाऱ्या फिजिशियनांना सगळे मोठे डॉक्टर म्हणत, तेच संचालक. दुसरे सर्जन, तिसऱ्या प्रसूतितज्ज्ञ. वॉर्ड सांभाळणाऱ्या मेट्रनबाई एकच, आणि लिहिणारा मी एकटा.

चौथ्या खुर्चीची कथा तू ऐकून आहेस. तरी ती माझ्या हातची तुझ्या दप्तरी असावी. पहिली अंतिम परीक्षा होती. टपाल निवडण्याच्या लांब टेबलाशी तीन डॉक्टर बसले होते. मेट्रनबाई परीक्षेसाठी निवडलेल्या रोगी बाईंचा कागद ठेवायला आत आल्या आणि भिंतीशी उभ्या राहिल्या. मोठे डॉक्टर म्हणाले, "उभ्या का? बसा. आम्ही या मुलाला तीन तास बघणार, तुम्ही तीन वर्षं बघताय." बाई बसल्या. तिघांचे प्रश्न संपल्यावर त्यांनी एकच विचारले, "या बाईंना घरी न्यायला कोण येणार आहे?" मुलाला ठाऊक नव्हते. बाई म्हणाल्या, "मग अजून नाही." नापास हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. तो मुलगा आणखी सहा महिने वॉर्डात राहिला. तेव्हापासून तीन मते विद्येची आणि चौथे मत खाटेजवळचे, अशी रीत पडली, आणि चारही मते अनुकूल झाल्यावाचून कोणी वैद्य म्हणून बाहेर पडला नाही.

आता तुमच्याकडे बावीस विभाग आणि नऊशे विद्यार्थी आहेत असे कळते. वृक्ष वाढला. मुळाला पाणी घालणारे हात आता तुझे.

तुझ्या आईला आणि तुझ्या धाकट्या लेकीला आशीर्वाद. धाकटीची अंतिम परीक्षा याच महिन्यात ना?

तुझा,
मामा


१९ जानेवारी

तीर्थरूप मामांस, शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र कचेरीत मोठ्याने वाचून दाखवले. पार्सलांच्या काट्यावर बाळे तोलली, हे ऐकून आमचे हिशेबनीस इतके हसले की त्यांचा कागदांचा गठ्ठा खाली पडला.

तुमच्या सात खोल्यांत जे सुखाने चालत होते, ते आता बावीस विभागांत चालवताना नाकी नऊ येतात. शरीररचनेवाले म्हणतात, पहिले वर्ष संपूर्ण आमचे. शरीरक्रियावाले म्हणतात, अर्धे आमचे. बालरोग आणि प्रसूती यांच्यात नवजात बालक नक्की कोणाचे, यावर तीन बैठका झाल्या. चौथ्या बैठकीत मी म्हटले, "त्याच्या आईचं." निर्णय तरीही झाला नाही.

एका गोष्टीत मात्र तुमच्यावाचून माझे अडले आहे. चौथ्या खुर्चीचे मत नव्या नियमावलीत घ्यायचे, तर जुन्या नियमावलीतला आधार दाखवावा लागतो. मेट्रनबाईंच्या खोलीत भिंतीवर चौकटीत एक कागद आहे. संस्थेचे नाव, शिक्का, आणि मजकूर असा: कलम सतरा, अंतिम परीक्षेत मुख्य परिचारिकेचे मत इतर तीन परीक्षकांच्या मतांइतकेच ग्राह्य राहील. एक मेट्रन निवृत्त झाली की ती चौकट दुसरीच्या हाती देते. आताच्या मेट्रनबाई चौथ्या.

मी दप्तरातली मूळ मंजूर नियमावली काढली. तिच्यातले कलम सतरा असे आहे: ग्रंथालयातील दिव्यांची व्यवस्था ग्रंथपालाने पाहावी व काचा आठवड्यातून एकदा पुसून घ्याव्यात.

पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चार वेळा वाचले. चौथ्या खुर्चीचा उल्लेख कुठेही नाही.

प्रश्न नुसता कागदाचा असता तर घाई केली नसती. या वर्षी एका विद्यार्थिनीला तिन्ही परीक्षकांनी उत्तम गुण दिले आणि मेट्रनबाईंनी "अजून नाही" म्हटले. तिला दुसऱ्या शहरात पुढच्या शिक्षणाची जागा मिळाली आहे. मार्चअखेर निकाल दाखवला नाही तर ती जागा जाईल. कलम नसेल तर ते मतही नाही, आणि ती मुलगी आजच उत्तीर्ण आहे. कलम असेल तर मला ते सापडले पाहिजे. तुम्हांला काही आठवते का?

तुमची,
भाची


२७ जानेवारी

चिरंजीव भाचीस, आशीर्वाद.

पत्र पोहोचले. थंडीमुळे बोटे आखडतात, म्हणून थोडक्यात लिहितो.

त्या काळी नकला हातांनी होत. एका कागदावरून दुसऱ्यावर उतरताना कलमे पुढेमागे होतात, एखादे गळते. नकलनवीसाची चूक म्हणून सोडून द्यावे. शिवाय जी रीत तीसएक वर्षे अखंड पाळली गेली, तिला शाईचा आधार हवाच असे नाही. सूर्योदयाचे कलम कोणत्या ग्रंथात लिहिलेले आहे? जे सत्य असते ते आचारातून टिकते. लेखन ही त्याची छाया. ज्ञानी पुरुष छायेच्या मागे धावत नाहीत.

तेव्हा नव्या नियमावलीत तू आपल्या शब्दांत नवे कलम घाल आणि जुनी दप्तरे फार उकरू नकोस. धुळीने तुझा दमा उठतो.

त्या विद्यार्थिनीविषयी वाईट वाटले. परंतु मेट्रनबाईंनी नाही म्हटले असेल तर काही कारण असेल. मुलीच्या आईवडिलांना समजावून सांग. आपल्या लेकरात उणे आहे हे ऐकायला जड जाते, पण वडीलधाऱ्यांनी धीर धरावा.

धाकटीच्या परीक्षेचे तू काहीच लिहिले नाहीस. तिला माझे खास आशीर्वाद कळव.

मामा


६ फेब्रुवारी

तीर्थरूप मामांस नमस्कार.

मुलीच्या आईला समजावून सांगितले. तिला समजायला वेळ लागला, कारण ती आई मीच आहे.

मागच्या पत्रात हे लिहिले नाही, याचे कारण तुमच्यापासून लपवायचे होते असे नव्हे. कुलसचिव म्हणून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही भाचीला देऊ नये, एवढाच हेतू होता. संचालकांना मी त्याच दिवशी लेखी कळवले की विद्यार्थिनी माझी मुलगी आहे आणि तिच्या निकालाच्या कागदाला मी हात लावणार नाही.

काय झाले ते सांगते. धाकटीकडे नऊ नंबरच्या खाटेवरचे एक म्हातारे शिंपीकाका होते. पोटाची तपासणी सकाळी व्हायची, म्हणून त्यांना रात्रीपासून उपाशी ठेवले होते. सकाळी आठला यंत्र बिघडले आणि तपासणी दुसऱ्या दिवसावर गेली. ते धाकटीला कळले. तिने आपल्या वहीत तारीख बदलली आणि परीक्षेच्या खोलीत गेली. तिथे तिने निदान अचूक केले. तिघेही खूश झाले. मग मेट्रनबाईंनी विचारले,

"आज काकांनी काय खाल्लं?"

"काही नाही. तपासणीसाठी उपाशी आहेत."

"तपासणी कधी आहे?"

"उद्या."

"मग आज का उपाशी आहेत?"

दुपारचे दोन वाजले होते. पाण्याचा घोटही त्यांना कोणी दिला नव्हता; त्यांनी तीनदा मागितला आणि तीनदा त्यांना खाटेवरची पाटी दाखवण्यात आली. इथपर्यंतही कदाचित निभावले असते. पण माझी लेक म्हणाली, "ते सांगणं सिस्टरांचं काम आहे."

"अजून नाही," मेट्रनबाई म्हणाल्या.

घरी रोज तेच. "आई, तू स्वतः कुलसचिव आहेस. कलम नाही हे तुला माहीत आहे. एक सही कर." मी म्हणते, "माझी सही तुझ्यासाठी नाही." ती म्हणते, "मग कोणासाठी आहे? भिंतीवरच्या चौकटीसाठी?"

आता तुमच्याकडे येते. मामा, आईने मला लहानपणी दुर्बीण हे नाव ठेवले, तेव्हा तुम्हीच सर्वांत जास्त हसला होता. ती चौकट मी उतरवून खिडकीशी नेली. अक्षर तुमचे आहे. दप्तरातल्या मंजूर प्रतीचे अक्षरही तुमचेच आहे. दोन्हींवर तारीख एकच आहे आणि शाईही एकच आहे. तुमच्या कचेरीत नकलनवीस कधी नव्हता. 'लिहिणारा मी एकटा' हे तुम्हीच जानेवारीत लिहिले.

मी रागावलेली नाही. मला फक्त खरे काय ते हवे आहे. मार्चअखेरपर्यंत.

भाची


१ मार्च

चिरंजीव भाचीस.

तू पत्र लिहिलेस त्याला तेवीस दिवस झाले. या तेवीस दिवसांत मी पाच पत्रे लिहिली आणि पाचही फाडली. कारण प्रत्येकात मी कुठे ना कुठे चांगला दिसत होतो. हे सहावे आहे.

ते कलम मीच गाळले.

नियमावलीचा कच्चा मसुदा मान्यता समितीकडे गेला होता. तो परत आला तेव्हा कलम सतरासमोर समितीच्या सचिवांनी लाल पेन्सिलीने लिहिले होते: परिचारिकेस मत? पुनर्विचार व्हावा. मोठे डॉक्टर उपकरणांसाठी परगावी गेले होते. पक्की प्रत दोन दिवसांत द्यायची होती. अकरा मुलांची तीन वर्षे माझ्या डोळ्यांपुढे होती. मान्यता मिळाली नाही तर ती मुले कुठे जाणार? हे खरे आहे. पण याच्या शेजारी आणखी एक खरे होते आणि तेही सांगतो. परगावचे शहाणे लोक आमच्या नियमावलीला हसतील, याची मला लाज वाटली. परिचारिकेला मत देणारी संस्था म्हणून आपण ओळखले जाऊ, याची लाज.

म्हणून ते कलम काढले आणि कलमांचा आकडा कमी दिसू नये म्हणून त्या जागी दिव्यांच्या काचा घातल्या.

दुसऱ्या दिवशी थोरल्या मेट्रनबाई दारात आल्या. त्यांनी विचारले, "माझं कलम गेलं ना?"

"गेलं की," मी म्हटले.

"जसंच्या तसं?"

"जसंच्या तसं."

"मग मला एक नक्कल द्या. वॉर्डात माझ्या मुलींना दाखवते."

मी त्यांना बसायला सांगितले, चांगला कागद घेतला, सावकाश आणि सुंदर अक्षरांत ते कलम लिहिले आणि शिक्का मारला. बाईंनी शाई वाळेपर्यंत कागद हातांवर आडवा धरला होता. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून मला, सांगायला संकोच वाटतो, पुण्य केल्यासारखे वाटले.

मोठे डॉक्टर परतले. त्यांनी पक्की प्रत वाचली नाही. माझ्यावर विश्वास ठेवला. मान्यता मिळाली. चौथी खुर्ची राहिली, मतही राहिले, आणि मी स्वतःला पटवले की काहीच बिघडले नाही.

शास्त्रांनी आपद्धर्म सांगितला आहे. संकटात मनुष्याने जे करणे भाग पडते, त्याचा दोष सौम्य मानला आहे. मी या शब्दाच्या आड बसलो. परंतु संकट सरले की आपद्धर्मही सरतो, हे त्याच शास्त्रांत आहे, आणि माझा तर तीसएक वर्षे चालला. रोज पहाटे सत्याची स्तुती करणारे पाठ मी मुखाने म्हटले. मुखाने म्हटले, असेच आता लिहावे लागते.

मागच्या पत्रातला सूर्योदयही असाच. ज्याने खोटा कागद लिहिला, तोच कागदाला छाया म्हणून गेला.

या पत्रासोबत वेगळ्या कागदावर माझा कबुलीजबाब सही करून पाठवतो. त्यात माझ्या हेतूविषयी एक अक्षर नाही. घडले तेवढे आहे. तो संचालकांपुढे आणि अध्यापकसभेपुढे ठेव. मला वाचवण्यासाठी काही करू नकोस.

धाकटीविषयी तू काय करावेस, हे मी सांगणार नाही. सांगण्याचा अधिकार मी त्या दिवशी शिक्क्याखाली दाबून टाकला. कायद्याने ती उत्तीर्ण आहे, एवढे खरे. ते तिला सांग. माझ्यामुळे तिला पुन्हा खोटे ऐकावे लागू नये.

मामा


२४ मार्च

तीर्थरूप मामांस, शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र मी कचेरीत उघडले आणि दार लावून घेतले. नंतर दार उघडून सरळ मेट्रनबाईंकडे गेले. सभेआधी त्यांना कळणे योग्य वाटले.

"बाई, ती चौकट खाली घ्यावी लागेल."

"का? धूळ बसली आहे का?"

"ती खोटी आहे."

त्यांनी हातातली चादर घडी करून ठेवली. "कोणी केली खोटी?"

"माझ्या मामांनी."

"म्हणजे खोट्या कागदाच्या जोरावर मी तुमच्या लेकीला अडवलं."

"हो."

"आणि हे मला तुम्हीच येऊन सांगताय."

"हो."

बाईंनी स्टूल माझ्याकडे सरकवले. मग म्हणाल्या, "बसा. चहा घेऊन जा. तोंड बघा कसं झालंय."

पंधरा तारखेला अध्यापकसभा झाली. मी तुमचा कबुलीजबाब वाचून दाखवला. शरीररचनेचे प्रमुख नेहमीप्रमाणे इतिहासापासून सुरू झाले. त्यांना पाणी देऊन बसवावे लागले. औषधशास्त्रवाल्यांचे म्हणणे, इतक्या वर्षांत अडतीस जणांना "अजून नाही" मिळाले आहे. उद्या तेही दाराशी येतील. तेव्हा शस्त्रक्रियेचे प्रमुख उठले.

"येतील कशाला? एक जण आलेलाच आहे," ते म्हणाले. "अडतिसातला एकोणिसावा मी आहे."

कोणालाच माहीत नव्हते, मामा. मीही ती यादी कधी नावानिशी वाचली नव्हती.

ते म्हणाले, "त्या सहा महिन्यांत मी पुष्कळ शिकलो, असं आता म्हणायला हवं ना? शिकलोही असेन. पण त्या सहा महिन्यांत वडील गेले. मी डॉक्टर झालेला बघायचा होता त्यांना. ज्या कलमानं हे झालं ते कलमच नव्हतं, हे मला आज कळतंय." एवढे बोलून ते खाली बसले.

मग मतदान झाले. नव्या नियमावलीत चौथ्या खुर्चीचे मत घालावे, या बाजूने एकतीस, विरुद्ध चौदा. शस्त्रक्रियेचे प्रमुख तटस्थ राहिले. जाताना ते मला म्हणाले, "तुमच्या मामांकडून मला एक पत्र हवं. सभेला लिहिलेलं नको. मला लिहिलेलं." तुम्ही लिहाल ना?

नवे कलम पुढच्या वर्षापासून लागू होईल. या वर्षीचा निकाल तीनच मतांवर धरायचा, असे सभेने ठरवले. संचालकांच्या सहीने धाकटी उत्तीर्ण झाली.

घरी येऊन सांगितले. ती नाचली. मग म्हणाली, "मी पास झाले ना? मग तू तोंड पाडून का बसलीस?" मी म्हटले, "दमले आहे." ते खरेही होते. तिने ट्रंक काढली, पुस्तके भरली, मैत्रिणींना पत्रे टाकली.

तीन दिवसांनी ती कपाटाची किल्ली परत द्यायला वॉर्डात गेली. शिंपीकाका फेरतपासणीसाठी बाकावर बसले होते. तिला वाटले, ते तोंड फिरवतील. ते उठून उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "बाई, मी आता पाणी प्यायलो तर चालेल का?" त्यांची कसलीही तपासणी नव्हती. शेजारच्या बाईंनी सांगितले, इस्पितळात आल्यापासून ते पांढरा कोट दिसला की हेच विचारतात. घरून भरून आणलेली बाटली त्यांच्या मांडीवर होती.

धाकटीने ती बाटली उघडून त्यांच्या हातात दिली आणि ते प्यायले तोवर उभी राहिली. घरी आली. जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ट्रंक उघडली आणि पुस्तके पुन्हा फळीवर लावली. मार्च संपायला आठ दिवस आहेत. आपण येत नाही, असे पत्र तिने काल त्या शहराला टाकले.

आज ती मेट्रनबाईंकडे गेली होती. माफी मागायची म्हणून वाक्ये पाठ केली होती तिने.

बाई म्हणाल्या, "माझी माफी कशाला? उद्या सातला ये. केस बांधून ये. नखं काप."

"पण मी कायद्यानं पास झालेय. मला राहायलाच हवं असं नाही," ती म्हणाली. तिचाच स्वभाव.

"नाहीच मुळी," बाई म्हणाल्या. "म्हणूनच सातला ये म्हटलं. यायलाच हवं असतं तर साडेसहाला बोलावलं असतं."

आता एक विनंती. हा आपला पत्रव्यवहार, तुमची परवानगी असेल तर, नव्या कलमाच्या फाइलीत जोडावा असे संचालकांना आणि मला वाटते. हे कलम कसे आले, मधली वर्षे कुठे होते, ते पुढे येणाऱ्यांना कळावे. त्यात तुमचे उणे आहे आणि माझ्या घरचेही. नवे कलम सोबत पाठवते. तुम्ही नाही म्हणालात तर मी दुसऱ्यांदा विचारणार नाही.

भाची


१२ एप्रिल

चिरंजीव भाचीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

शस्त्रक्रियेच्या प्रमुखांना पत्र लिहिले. त्यात क्षमा मागितली आणि क्षमा करावी अशी अपेक्षा ठेवली नाही. त्यांचे उत्तर आलेले नाही. ते न येणे हेही उत्तर मी आदराने स्वीकारतो.

तुझ्या विनंतीला मी लगेच होकार देणार होतो. पण तो कागद ज्यांच्या हाती मी दिला होता, त्यांच्या परवानगीवाचून माझा होकार अपुरा होता. थोरल्या मेट्रनबाई आता एकोणऐंशी वर्षांच्या आहेत. पाण्याच्या टाकीजवळच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, धाकट्या बहिणीपाशी असतात. दृष्टी गेली आहे. कान मात्र खणखणीत. इतकी वर्षे आम्ही एकाच गावात राहतो आणि मी एकदाही तो जिना चढलो नव्हतो.

मी बसलो आणि सर्व सांगितले. लाल पेन्सिल, दिव्यांच्या काचा, शिक्का. बाई ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे सोळा वर्षं मी त्या खुर्चीत बेकायदा बसले?"

"हो."

त्या हसू लागल्या. इतक्या हसल्या की खोकला लागला आणि बहीण धावत आली. "अगं, ऐकलंस का? मी गुन्हेगार निघाले!"

मलाही हसू आले. मला वाटले, सुटलो.

मग त्या थांबल्या. म्हणाल्या, "साहेब, एक सांगा. तेव्हा मला का नाही सांगितलंत?"

"तुम्हांला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतंच. पण मी त्या सचिवाकडे गेले असते. त्याला वॉर्डात आणून एक दिवस खाटांमधून फिरवलं असतं. भांडले असते मी. कदाचित हरले असते." त्यांनी हाताने पांघरुणाची कड सरळ केली. "कलम गेलं त्याचं काही नाही हो. माझं भांडण तुम्ही माझ्या हातातून काढून घेतलंत, आणि वर सुंदर अक्षरात मला कागद दिलात."

भाची, तेवीस दिवस मी माझ्या पापाचा शोध घेत होतो. ते खोटेपणात आहे असे मला वाटले. मग लाजेत आहे असे वाटले. ते नक्की कुठे आहे, हे त्या आंधळ्या बाईंनी एका वाक्यात बोट ठेवून दाखवले. मी त्यांच्या पायांशी वाकलो. त्यांना ते दिसले नाही, आणि मी सांगितले नाही.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "बरं, नवं कलम आणलंय ना? वाचा. आणि या वेळी लिहिलंय तेच वाचा."

मी वाचले: अंतिम परीक्षेत मुख्य परिचारिकेचे मत इतर तीन परीक्षकांच्या मतांइतकेच ग्राह्य राहील, ते प्रतिकूल असल्यास विद्यार्थ्यास सहा महिने वॉर्डात पुन्हा काम करावे लागेल.

"अर्धंच आहे," बाई म्हणाल्या.

"काय राहिलं?"

"त्या पहिल्या मुलाला मी अजून नाही म्हटलं, आणि ते सहा महिने त्याला माझ्याच पाळीवर ठेवलं. कोणाच्या गळ्यात घातलं नाही. नाही म्हणणं सोपं असतं हो, साहेब. जिनं नाही म्हटलं, तिनं त्या मुलाला सहा महिने स्वतः शिकवायचं. आणि सहा महिन्यांनी तो तयार झाला नाही, तर त्याच्याबरोबर तिनंही सभेपुढे उभं राहून जाब द्यायचा. हे लिहा. नाही तर उद्या कोणीतरी त्या खुर्चीत बसून नुसता तोरा मिरवील."

मी तिथेच त्यांच्या उशाशी बसून ते लिहिले. वाचून दाखवले. त्यांनी पुन्हा वाचायला लावले. मग अंगठ्याने चाचपून कागदाच्या तळाशी सही केली. अक्षरे ओळीबाहेर गेली आहेत, ती तशीच असू देत. तो कागद सोबत आहे. तीस तारखेच्या आत तो संचालकांपुढे आणि सभेपुढे ठेव; स्वीकारायचा की नाही, हे त्यांनी ठरवावे, आणि वाद झाला तर होऊ दे. बाईंनी सांगितले आहे की बोलावले तर त्या खुर्चीत बसून येतील. जिन्यावरून उचलून न्यायला चार जण तेवढे पाठवा.

पत्रे फाइलीत लावण्यास त्यांची परवानगी आहे, आणि माझीही.

आता, जे कोणी हे कागद पुढे वाचतील, त्यांच्यासाठी या वृद्धाची प्रार्थना. जो खाटेवर आहे, त्याला वेळेवर पाणी मिळो. जो खाटेजवळ उभा आहे, त्याला ऐकू येवो. ज्याच्या हाती लेखणी आहे, तिच्यातून खरे तेच उतरो. आणि ज्याच्यापासून खरे लपवले गेले, त्याला त्याचे भांडण परत मिळो. वाचणाऱ्या सर्वांच्या घरी आरोग्य नांदो, आणि त्या दयाघनाची कृपा कोणालाही "अजून नाही" न म्हणो.

तुझा,
मामा